आयटी पार्कातले लिनक्सभाऊ

नागपूरच्या आयटी पार्कात बहुतेक ऑफिसांत एक लिनक्सभाऊ असतात. पगारपत्रकावर हुद्दा काहीही असो, खरं काम एकच: दुसऱ्याच्या मशीनवर न चालणारी गोष्ट चालवून देणं. लॅपटॉपवर डेबियनचं लाल वेटोळं आणि तोंडात उत्तराऐवजी प्रश्न, ही त्यांची ओळख.

नवा पोरगा रडकुंडीला येतो. "भाऊ, पॅकेज टाकलं, पण चालूच नाही होऊन राहिलं. म्हणते, शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही."

"मंग तू काय केलं?"

"काढून पुन्हा टाकलं."

"मंग?"

"पुन्हा काढून टाकलं."

भाऊ डोळे मिटतात. डाव्या हातात तर्री पोह्याची प्लेट सांभाळत उजव्या हाताच्या एका बोटानं 'एलडीडी' टाइप करतात. लायब्ऱ्यांची यादी सरसर उतरते आणि एका ओळीपुढे 'नॉट फाउंड' उमटतं. "सापडलं!" भाऊ ओरडतात. न सापडल्याचा एवढा आनंद फक्त त्यांनाच होतो.

मग शोधाशोध. फाइल निघते 'यूएसआर-लोकल-लिब'मध्ये, सुखरूप. "हे पाय. फाइल हाय, लोडरले पत्ता माहीत नाही. घर बदललं अन् पोस्टमनले सांगितलं नाही, तर पत्र येईन का बे?" उबंटूत ही जागा लोडरच्या यादीत आधीपासून असते, 'एलडीकॉन्फिग' चालवून नोंद ताजी केली की भागतं. रेड हॅटच्या घराण्यात आधी त्या जागेचं नावही यादीत घालावं लागतं. हा फरक भाऊ कुणी न विचारता सांगतात, पोहे थंड होईस्तोवर.

त्यांचा खरा दात जुगाडावर. उबंटू 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3 आलं, 1.1 गेलं आणि जुने प्रोग्राम अडून बसले. एकानं नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक जोडून दिली. भाऊ आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. "नाव बदलल्यानं आवृत्ती बदलते का बे?"

मीटिंगमध्ये मात्र भाऊंच्या लॅपटॉपला प्रोजेक्टर लागत नाही. तेव्हा ते नजर चुकवून शेजाऱ्याचा विंडोजवाला लॅपटॉप मागून घेतात.

तरी भाऊ हवेतच. फक्त त्यांना हाक मारण्याआधी एररची ओळ शेवटपर्यंत वाचून जा. पहिला प्रश्न ते त्यावरच विचारणार आहेत.