पिवळी वायर

माझ्याकडे 1996 सालची माझदा मियाटा आहे. दोन सीट, कापडी टप, पाच गिअर आणि बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे हेडलाइट. न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या सगळ्यांकडे तांदळाच्या आठ गोण्या मावतील अशा गाड्या आहेत. हिच्यात मी आणि बायको, किंवा मी आणि एक गोणी. हा हिशोब बायकोनेच पहिल्या दिवशी मांडला.

या गाडीत मी कॉम्प्युटर बसवायला घेतला. असल्या गाडीत तो कशाला? विचारणं रास्त आहे. सगळं सुरू झालं तेलाच्या काट्यापासून. माझ्या गाडीतला तेलाच्या दाबाचा काटा दाब मोजत नाही, दाब आहे की नाही एवढंच सांगतो. असला की मधोमध उभा, नसला की आडवा. ‘इकडील सर्व क्षेम’ छापाचं पोस्टकार्डच. दिवसभर सर्व्हरचे आलेख बघणाऱ्या माणसाचं त्यावर भागत नाही. मी ठरवलं, रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आणायचा, इंजिनाची खबर देणाऱ्या ओबीडीच्या सॉकेटला जोडायचा आणि डॅशबोर्डवर खरेखुरे आकडे आणायचे. अमेरिकेत हे सॉकेट 1996 पासून नव्या मोटारींना सक्तीचं झालं. गाडी नेमकी त्याच सालची निघाली, तेव्हा पत्रिकाच जुळली म्हणायची.

रेडिओची खाच 180 मिलिमीटर रुंद. पायचा सात इंची स्क्रीन 194. हे 14 मिलिमीटर मला स्क्रीन घरी आल्यावर कळले. मग दोन शनिवार कानस घेऊन प्लॅस्टिक घासलं.

तेव्हा सांगलीहून अण्णा आले होते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये 32 वर्षं काढलेला माणूस. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून, चहा घेत बघत बसायचे.

“काय बसवतोयस?”

“कॉम्प्युटर.”

“काय करतो तो?”

“इंजिनाचे आरपीएम दाखवतो. पाण्याचं तापमान दाखवतो.”

अण्णांनी वाकून आत बघितलं. “दोन्हीचे काटे आहेत की रे समोर.”

“तेलाचा दाबपण दाखवेल.”

नाही दाखवला. जो आकडा इंजिनालाच ठाऊक नाही, तो ओबीडी कुठून आणणार? आरपीएम दाखवले, पण त्या काळच्या गाड्यांची ती लाइन इतकी सावकाश बोलते, की ॲक्सिलरेटर दाबला की काटा आधी पोचतो आणि माझा आकडा एस.टी. चुकलेल्या वऱ्हाड्यासारखा धापा टाकत मागून येतो. शिवाय टप उघडला की उन्हात स्क्रीनवर फक्त माझंच तोंड दिसायचं.

हे सगळं चालवून घेतलं असतं. घोळ झाला वायरींचा. रेडिओमागच्या जोडणीत तीन वायरी कामाच्या. काळी म्हणजे अर्थ, लाल चावीबरोबर जगते-मरते, पिवळी कायम जिवंत. आधी मी लाल घेतली. पण पायला रीतसर बंद व्हायला थोडा अवधी लागतो, आणि मी चावी काढली की त्याच्या तोंडातला घास तोंडातच राहायचा. एका आठवड्यात दोन मेमरी कार्डं गेली. ऑफिसात लॅपटॉपचं बटण दाबून धरणाऱ्यांना मी काय काय ऐकवतो, ते सगळं मला आठवलं. यावर तयार सर्किट मिळतं. चावी निघाली की ते कॉम्प्युटरला आवरायला सांगतं आणि मगच वीज तोडतं. मी ते विकत घेतलं नाही. मी स्वतः बनवणार होतो. (सॉफ्टवेअरवाल्याच्या घरी हे वाक्य ऐकू आलं, की समजावं, वर्ष गेलं.) तोवर पिवळी जोडली.

पाय आणि स्क्रीन मिळून बॅटरीतून अर्धा अँपिअर घेतात. ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तासांचे 12 अँपिअर-तास होतात आणि या गाडीची बॅटरी इवलीशी.

मंडळाच्या गणपतीला मी गाडी ऐटीत उलटी लावली, भिंतीला पाठ टेकवून. आधी दोन दिवस ती घरी उभीच होती. आरती, जेवण, बालनाट्य, अध्यक्षांचे आभार आणि आभारांचे आभार. रात्री साडेनऊला चावी फिरवली. टक्. टक् टक्. स्क्रीनवर मात्र प्रसन्नपणे 11.6 व्होल्ट.

एका गृहस्थांनी आपली दांडगी गाडी आणून माझ्या गाडीच्या नाकाला नाक भिडवलं. जंपर केबल निघाली, बॉनेट उघडलं, चार सिल्कचे कुडते आत वाकले.

“बॅटरी कुठाय?”

“डिकीत,” मी म्हणालो. पुढचं-मागचं वजन सारखं राहावं म्हणून मियाटात ती मागे असते, हेही सांगायला गेलो. कोणी ऐकलं नाही. डिकी भिंतीला, गाडी तेरा फूट लांब, केबल दहा फूट.

“ढकलून पुढे घेऊ, मग लावू,” कोणीतरी म्हणालं.

“ढकलताच आहात तर केबल कशाला?” अण्णा पुढे झाले. “दुसरा टाक. क्लच दाबून धर. मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही.”

“गणपती बाप्पा!”

“मोरया!”

“सोड!” गाडीने एक गचका खाल्ला आणि सुरू झाली. टाळ्या पडल्या. बायको पैठणी सावरत शेजारी येऊन बसली आणि घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी इंजिन चालू करायला लावून स्क्रीन बघितला. 14.1 व्होल्ट. “हा आकडा कामाचा,” ते म्हणाले. बाकीचे आकडे मी काढून टाकले.

अण्णा परत गेले. सर्किट मी अजून बनवतोय, पिवळी वायर आहे तिथेच आहे. एडिसनच्या आसपास कोणाकडे वीस फुटी जंपर केबल असेल, तर सांगून ठेवा.