तेरडा आणि नाना

घरामागच्या वाफ्यात एखादी जागा रिकामी झाली की घरात दोन पक्ष पडतात आणि तिसरा पक्ष पाणी घालतो. आमच्याकडे तो तिसरा पक्ष मी. पहिला सासूबाईंचा. त्या रत्नागिरीकडच्या, त्यांच्या मते मोकळ्या मातीवर पहिला हक्क तेरड्याचा. दुसरा पक्ष त्यांच्या चिरंजीवांचा. त्यांना शोभेचं डाळिंब हवं होतं. अंगाने आटोपशीर, शेंदरी फुलांचं, लिंबाएवढी फळं धरणारं. “फूलही दिसतं, फळही दिसतं. एका झाडात दोन कामं,” असं त्यांचं म्हणणं. एकाच वेळी दोन कामं करणाऱ्यांविषयी माझ्या नवऱ्याला आदर आहे, फक्त तो दुरून असतो.

तर रोप आलं. डाळिंबाच्या या बुटक्या जातीच्या शास्त्रीय नावात ‘नाना’ येतं, आणि नर्सरीवाल्याने पिशवीवर चिठ्ठीही तशीच डकवलेली. त्या दिवसापासून ते झाड आदरार्थी बहुवचनात गेलं. “नानांना ऊन पुरतंय ना गं?” “नानांची दोन पानं पिवळी दिसतायत.” तेरडा मात्र एकवचनीच राहिला. तो काय, मेला कुठेही उगवतो.

ते खरंच आहे. जूनचे दोन पाऊस झाले की तेरड्याची रोपं पायरीच्या फटीतून, पागोळीच्या रेघेतून, नळाजवळच्या गाळातून वर येतात. खोड इतकं रसाळ की उन्हाला धरलं तर आत पाणी दिसेल. दुपारी माना टाकतात, संध्याकाळी काही घडलंच नाही अशी ताठ उभी. श्रावण लागतो तोवर पानांच्या बेचक्यांत गुलाबी, जांभळी, पांढरी फुलं, आणि प्रत्येक फुलामागे मधाची बारीक वाकडी शेपटी. यात आपला हातभार शून्य. खत नाही, फवारणी नाही, कौतुकसुद्धा नाही.

नानांचं तसं नाही. डाळिंब मूळचं इराणच्या बाजूचं. कोरडी हवा आणि कडक ऊन त्याला मानवतं. म्हणूनच सोलापूर, सांगोला, नाशिककडच्या कमी पावसाच्या मुलखात ते रमलं आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ साली सोलापुरातच निघालं. तिकडच्या शेतकऱ्याला विचारा, तो आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार असं ऋतू-नक्षत्रांच्या हिशेबाने बोलेल. बहार धरायचा तर आधी पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, मग छाटणी, खत आणि पाणी. नवऱ्याने हे सगळं वाचून काढलं आणि उन्हाळ्यात नानांचं पाणी बंद केलं. सासूबाईंना ते बघवेना. तांदळाचं धुवण त्या रोज गुपचूप नानांच्या बुंध्याशी ओतत राहिल्या. परिणामी त्या उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांना ताण आला, फक्त नानांना आला नाही.

वाद अर्थातच झाला. नवऱ्याने इतिहास काढला. “आई, हे पुण्याचं झाड आहे. गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चिमांनी १९३६ मध्ये आळंदी डाळिंबातून एक वाण निवडला, तोच पुढे ‘गणेश’ म्हणून महाराष्ट्रभर गेला. तू गणेशाला विरोध करतेयस!”

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “गणेश बसव की. पण मागून गौर येते, ती कुठे बसवणार आहेस?”

इथे चिरंजीव निरुत्तर झाले, कारण कोकणात बऱ्याच घरी गौर म्हणजे तेरडाच. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर लेकीसुना पाणवठ्याकडून तेरड्याची रोपं मुळांसकट आणतात. ज्येष्ठा नक्षत्रावर तिची पूजा आणि मूळ नक्षत्रावर निरोप. एरवी पायाखाली येणारं झुडूप त्या तीन दिवसांत साडी नेसतं, मुखवटा लावतं, घावन-घाटल्याचा नैवेद्य खातं. डाळिंबाचे दाणे त्या वेळी फार तर तिच्यापुढच्या ताटात असतात.

तरीही आपण म्हणतो काय, तर तेरड्याचा रंग तीन दिवस! मला ही म्हण नेहमीच थोडी कृतघ्न वाटते. एकेक फूल अल्पायुषी, हे कबूल. पण झुडूप आठवडेच्या आठवडे फुलत राहतं. आज गळलेल्याच्या वरच्या पेऱ्यावर उद्याचं तयार असतं. शिवाय कोरियातल्या मुलींना आपली म्हण ऐकवली तर त्या हसतील. तिथे उन्हाळ्यात याच तेरड्याची फुलं-पानं तुरटीबरोबर ठेचून नखांवर बांधतात. मेंदीला रंग देणारं लॉसोन नावाचं द्रव्य तेरड्यातही असतं, त्यामुळे नखं नारिंगी-लाल होतात आणि रंग नखाबरोबरच हळूहळू पुढे सरकतो. पहिला बर्फ पडेपर्यंत तो टिकला तर पहिलं प्रेम सफल होतं, असा तिकडचा समज आहे. आपण ज्याला तीन दिवसांत निकालात काढलं, त्याच्या भरवशावर तिकडे मुली हिवाळ्यापर्यंत प्रेमाची वाट बघतात.

आपलंही वागणं एकसारखं नाहीच. कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि आता तिथे सप्टेंबरात जांभळ्या-गुलाबी फुलांचा गालिचा बघायला लोक आगाऊ नोंदणी करून, पैसे भरून, घाटात गाड्यांच्या रांगा लावून जातात. त्या गालिच्यात मोठा वाटा तेरड्याच्याच एका रानटी भावंडाचा असतो. तिथे उभं राहून “अहाहा!” म्हणणारे आम्हीच घरी येऊन पायरीच्या फटीतला तेरडा उपटतो.

नानांचं दुखणं निराळं. त्यांना फुलं भरपूर येतात आणि भरपूर गळतात. फूल गळलं की नवऱ्याचा चेहरा पडायचा. मग कळलं की डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं असतात. बुडाशी सुरईसारखी फुगीर असतात त्यांचं फळ होऊ शकतं. निमुळत्या बुडाची, घंटेच्या आकाराची नुसती नरफुलं, ती गळायचीच. निसर्गाने काही फुलं केवळ फुलण्यासाठीच ठेवलीत, हे माझ्या अभियंता नवऱ्याला पचायला जड गेलं. तेरड्यात हा भेद नाही. त्याचं प्रत्येक फूल आधी नर असतं. पुंकेसरांची टोपी गळून पडली की तेच मादी होतं. एकाच फुलात दोन कामं! पण हे मी घरात बोलले नाही. तिसऱ्या पक्षाने तोल सांभाळायचा असतो.

पुढे नानांना फळं धरली. मग त्यांची राखण आली. डाळिंबावर एक फुलपाखरू अंडी घालतं आणि त्याची अळी फळ पोखरून आत शिरते, म्हणून प्रत्येक फळाला मलमलीची पिशवी. पाण्यात अनियमितपणा झाला तर साल तडकते, म्हणून मापाने पाणी. एवढं करून आतल्या फळाची चव म्हणाल तर चिंचेने शिष्यत्व पत्करावं अशी. पण झाडावर ती महिनोन्‌महिने डोक्यावर मुकुट घालून लटकतात आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “गोड आहेत का हो?”

“नाना आहेत ते,” सासूबाई सांगतात. “गोड कशाला असतील?”

पाहुण्यांच्या या प्रश्नाने मात्र मला विचारात पाडलं. तेरड्याला कुणी कधी विचारत नाही की बाबा, तू खायला कसा आहेस. त्याच्याविषयी तक्रार एकच, टिकत नाही. नाना टिकतात, तर त्यांच्याकडे गोडीची मागणी. शोभेसाठी म्हणून आणलेल्या झाडाकडे आपण फळाचा जमाखर्च मागतो, आणि पावसाबरोबर येऊन पावसाबरोबर जाणाऱ्याला मुक्कामावरून बोल लावतो. दोघांनीही जे कबूल केलेलं नाही, नेमक्या त्याच गोष्टीत दोघांना नापास करतो. खरं तर दोघेही आपापल्या शब्दाला जागतात. नानांनी बघायला आंबट फळ दिलं, तेरड्याने दर पावसाळी आठवणीने हजेरी लावली. भरवसा म्हणजे मुक्काम किती लांबला हे नव्हे. दिलेली वेळ पाळली की नाही, हे. या कसोटीवर आमच्या वाफ्यात तेरडा पहिला येईल. नाना दुसरे, पण पिशव्या घालून.

जागेचा निकाल मात्र अजून लागायचा होता. भाद्रपद सरता सरता नवऱ्याने नानांचा बुंधा मोकळा करायला घेतला, कारण भोवती तेरडा माजला होता. तेरड्याची पिकली बोंडं फार हळवी असतात. बोट लागताच पाच कप्पे फटकन सुटून गुंडाळले जातात आणि बिया कित्येक फूट उडतात. तो पहिलं रोप उपटायला गेला आणि फट्‌! दुसरं धरलं, फट्‌ फट्‌! चष्म्यावर, सदऱ्याच्या खिशात, मलमलीच्या पिशव्यांवर आणि मुख्य म्हणजे नुकत्याच भुसभुशीत केलेल्या त्या मातीभर बारीक तपकिरी बिया. सगळा तेरडा निघेपर्यंत पुढच्या वर्षीची पेरणी पुरी झाली होती.

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, “माती छान केलीस हो. आता वरून थोडं पाणी मार.”