शिबिरातला तिसरा गट

ओक्लाहोमा राज्यात विल्बर्टन गावाजवळ रॉबर्स केव्ह नावाचं एक वनोद्यान आहे. जेसी जेम्ससारखे नामचीन दरोडेखोर तिथल्या गुहेत दडी मारत, अशी आख्यायिका आहे. १९५४च्या उन्हाळ्यात तिथे शाळकरी मुलांचं शिबिर भरलं. शिबिराला एक केअरटेकर होता, पन्नाशीकडे झुकलेला, जन्माने तुर्की. कुठे काही बिनसलं की हा बाबा नेमका तिथेच काहीतरी दुरुस्तीचं निमित्त काढून घुटमळायचा आणि मुलांना भोळेभाबडे प्रश्न विचारायचा. या भोळ्याभाबड्या माणसाकडे हार्वर्डची एम. ए. होती, कोलंबियाची डॉक्टरेट होती, आणि ते सबंध शिबिर त्याच्याच डोक्यातून निघालं होतं. नाव मुझफ्फर शेरीफ. सामाजिक मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या शिबिराला आजही मानाचं पान असतं.

मानसशास्त्रातले गाजलेले प्रयोग वाचताना मला एक खोड आहे. लेखक कळकळीने सांगत असतो, की बघा, ही माणसं कशी वागली; आणि माझं लक्ष सारखं प्रयोग करणाऱ्याकडे जातं. स्टॅनली मिलग्रमने १९६१ साली येल विद्यापीठात विजेचे झटके देणारं खोटं यंत्र तयार केलं. साधा माणूस हुकूम आला की दुसऱ्याला किती छळतो, हे त्याला पाहायचं होतं. ठीक आहे. पण त्या यंत्रावर त्याने वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स इथल्या एका कंपनीची पाटीही लावली, जी कंपनी कधी अस्तित्वातच नव्हती! किती जणांनी शेवटचं ४५० व्होल्टचं बटण दाबलं ते पुस्तकात आहे. पाटी करून घेताना मिलग्रमला गुदगुल्या झाल्या का, याची नोंद नाही. फिलिप झिंबार्डोने १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या तळघरात लुटुपुटूचा तुरुंग काढला आणि त्याचा अधीक्षक कोण, तर स्वतःच. दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला, तोही क्रिस्टिना मॅसलाक या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला खडसावलं म्हणून. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. तेव्हा त्या प्रयोगातून निदान एक गोष्ट तरी टिकाऊ निघाली.

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती शेरीफची गोष्ट. तिच्यात पोरं आहेत, आणि अकरा वर्षांच्या पोरांना बनवणं प्राध्यापकांना वाटतं तितकं सोपं नसतं.

मुलं होती बावीस. सगळी गोरी, प्रॉटेस्टंट, मध्यमवर्गीय, घरात आईबाप दोघेही असलेली, अभ्यासात बरी. शाळेच्या मैदानावर ती खेळत असताना गुपचूप पाळत ठेवून ही निवड झाली होती. शेरीफचा हिशोब सरळ होता. इतकी सारखी मुलंही जर एकमेकांचा द्वेष करू लागली, तर त्याचं खापर वंशावर, धर्मावर, गरिबीवर किंवा बिघडलेल्या घरावर फोडता येणार नाही. पालकांना सांगितलं होतं की मुलांना घरची आठवण येईल, म्हणून भेटायला येऊ नका. बाकी फारसं काही सांगितलं नव्हतं. मुलांना तर काहीच नाही.

दोन वेगवेगळ्या बसमधून दोन गट आले. आठवडाभर एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. एका गटाने स्वतःला रॅटलर्स म्हणवून घेतलं, दुसऱ्याने ईगल्स. मग सामने सुरू झाले: बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणं, खोल्यांची टापटीप. जिंकणाऱ्या गटाला चषक, आणि प्रत्येकाला एक पदक व चार पात्यांचा एक चाकू. हे वाचताना मी दोनदा मागे जाऊन खात्री करून घेतली. मुलांमध्ये वैर पेटतं का ते पाहायचं, आणि पेटलं की जिंकणाऱ्यांच्या हाती चाकू द्यायचा! बक्षीस म्हणून डबा, कंपास, निदान गेला बाजार एखादं चांगलं पुस्तक या विद्वानांना सुचलं नसेल का?

वैर मात्र पेटलं. ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला. रॅटलर्सनी तोंडाला काळं फासून रात्री ईगल्सच्या खोलीवर धाड घातली, त्यांच्या म्होरक्याची जीन्स पळवली, तिच्यावर रंगाने ‘ईगल्सचा शेवटचा’ अशा अर्थाची अक्षरं लिहिली आणि तिचाच झेंडा करून मिरवला. मग मोज्यांत दगड भरणं आलं, समोरचे दिसले की नाक दाबून धरणं आलं. स्पर्धा ईगल्सनी जिंकली, तर हरलेल्यांनी त्यांचे चाकूच लांबवले.

एक चाचणी तर अशी गोड आहे, की तिच्यासाठी शेरीफला बरंच काही माफ करावं. जमिनीवर बिया विखरायच्या, मुलांनी ठरावीक वेळात वेचायच्या, आणि मग प्रत्येकाने किती वेचल्या ते पडद्यावर दाखवून सगळ्यांना अंदाज करायला सांगायचा. पडद्यावर दर वेळी बिया तेवढ्याच, ३५. पण आपल्या गड्याच्या म्हटल्या की त्या जास्त दिसायच्या आणि समोरच्याच्या म्हटल्या की कमी. ‘आपला तो बाब्या’ म्हणायला मराठी माणसाला प्रयोगशाळा लागली नाही, हे खरं. पण बाब्याच्या मुठीतल्या बिया मोजून पाहण्याची बुद्धीही आपल्याला झाली नाही.

आता थोडी आतली गोष्ट. सामन्यांत दोन्ही गटांचे गुण दर वेळी कसे अगदी अटीतटीचे राहत होते? कारण खोल्यांच्या टापटिपीचे, नाटुकल्यांचे गुण मोठ्यांच्या हातात होते, आणि चुरस टिकावी म्हणून ते हवे तसे दिले जात होते. हे शेरीफच्या चमूनेच मोकळेपणाने छापलं आहे. मायकेल बिलिग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने पुढे म्हटलं, की त्या शिबिरात दोन नव्हे, तीन गट होते. तिसरा प्रयोग करणाऱ्यांचा, आणि सगळ्यांत बलवान तोच. पाठ्यपुस्तकं मात्र अजून दोनच मोजतात.

या तिसऱ्या गटाचं खरं रूप पाहायचं तर एक वर्ष मागे जायला हवं. १९५३ साली शेरीफने हाच घाट न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथे घातला होता. तिथे सगळी मुलं आधी काही दिवस एकत्र राहिली, त्यांची दोस्ती जमली, आणि मग दोस्तांनाच वेगळं करून पँथर्स आणि पायथन्स असे गट पाडले. मोठ्यांनी सामने लावले. पोरं खिलाडूपणे खेळून मोकळी. एका गटाचे कपडे लपवले. दुसरा गट बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला तयार! तंबू पाडला, एकाचं उकुलेले मोडलं. शेवटी पोरांनी डोकं चालवलं आणि बरोबर निष्कर्ष काढला, की हे उद्योग शिबिरातल्या मोठ्या माणसांचेच आहेत. त्यांतल्या एकाने तर विचारलंच, की आम्ही कसे वागतो ते बघायचं होतं का तुम्हाला?

जिना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेने जुनी कागदपत्रं चाळून आणि ती मुलं म्हातारपणी शोधून काढून २०१८ साली यावर पुस्तक लिहिलं. काहींना आपण प्रयोगात होतो हे तिच्याकडूनच कळलं. मिडल ग्रोव्हला पोरं भांडेनात म्हणून शेरीफ इतका वैतागला, की एका रात्री, पोटात दारू असताना, तो आपल्याच सहकाऱ्यावर हात उगारून गेला, असं ती सांगते. म्हणजे स्पर्धेच्या ताणाने गटांत हाणामारी होते हा सिद्धान्त त्या उन्हाळ्यात खरा ठरत होता, फक्त भलत्या गटात. प्रयोग आवरता घेतला. शेरीफ यातून एकच धडा शिकला: पुढच्या वेळी मुलांची आधी दोस्ती होऊ द्यायची नाही. म्हणून ओक्लाहोमात दोन बस.

इथे शेरीफची टिंगल करून थांबणं सोपं आहे, पण मला ते बरोबर वाटत नाही. हा माणूस इझमीरजवळच्या ओदेमिश गावचा. १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इझमीरला उतरलं तेव्हाची कत्तल त्याने पोरवयात डोळ्यांनी पाहिली, आणि मरता मरता वाचला. पुढे नाझीविरोधी मतांपायी तुर्कस्तानात तुरुंगात गेला. माणसं एकमेकांच्या जिवावर का उठतात, हा त्याच्यापुढे प्रबंधाचा विषय नव्हता. आणि उत्तर ‘रक्तातच असतं’ असं नसावं, यासाठी तो जिवाचं रान करत होता. त्याला भांडण लावायचं होतं ते ते मिटवून दाखवण्यासाठी. पण इतक्या चांगल्या हेतूचा माणूस फार धोकादायक असतो, कारण त्याला अडवायला कुणी धजत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची पहिली नीतिसंहिता त्याच १९५३ मध्ये छापून आली होती. संशोधनाला आधी मंजुरी देणाऱ्या समित्या कायद्याने आल्या त्या पुढे १९७४ नंतर.

मिटवण्याचा भाग पाठ्यपुस्तकांचा लाडका. नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी जेवणच एकमेकांवर फेकलं. मग पाण्याच्या टाकीचा नळ मुद्दाम तुंबवला, आणि तहानलेली बावीसच्या बावीस डोकी एका टाकीशी जमली. खाण्याचं सामान आणणारा ट्रक बंद पडला, तो रस्सीखेचीच्याच दोराने सगळ्यांनी मिळून ओढला. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आमच्या सोसायटीत ए आणि बी विंगमध्ये पार्किंगवरून बोलणं बंद आहे, पण टँकर आला नाही की सगळे एका जिन्यात, एका आवाजात. फक्त शेरीफचा प्रयोग तीन आठवड्यांत संपला आणि मुलं घरी गेली. आमच्याकडे टँकर येतो, बादल्या भरतात, आणि संध्याकाळी पुन्हा कुणाची तरी स्कूटर कुणाच्या तरी गाडीला आडवी लागलेली असते. पाणी आल्यावर चौथ्या आठवड्यात रॅटलर्स कसे वागले असते, ते कुणी पाहिलं नाही. तरी या कल्पनेचं चीज झालं. १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात काळी, गोरी आणि मेक्सिकन मुलं एका वर्गात आली आणि तणाव वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसनने धड्याचे तुकडे करून एकेकाला एकेक दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. तिथे कुणाचा झेंडा जाळावा लागला नाही.

परतताना रॉबर्स केव्हच्या मुलांनी सगळ्यांनी एकाच बसमधून जायचा आग्रह धरला. वाटेत बस थांबली तेव्हा रॅटलर्सकडे एका खेळात जिंकलेले पाच डॉलर होते. त्यांतून सगळ्यांसाठी, ईगल्ससाठीसुद्धा, माल्टेड मिल्क घेऊ या असं त्यांनीच ठरवलं. प्रयोगाचं यश म्हणून हा प्रसंग आवर्जून सांगितला जातो. १९६१ साली निघालेल्या ग्रंथावर लेखक म्हणून पाच जणांची नावं आहेत, त्यांत शेरीफच्या पत्नी कॅरोलिनही आहेत. मिडल ग्रोव्हच्या ज्या पोरांनी प्रयोग कोण करतंय आणि कशासाठी, ते आठ वर्षं आधीच ओळखलं होतं, त्यांना सहलेखक म्हणून घ्यायचं मात्र राहून गेलं.