ह्ये कुणी केलंय?

बॉनेट उघडलं की मेकॅनिक इंजिन बघतो. वायरिंगवाले मामा आधी टेप बघतात. काळी की निळी, पिळा उजवा की डावा, टोक दाबून बसवलंय की नुसतं चिकटवून सोडलंय, हे सगळं बघून होईपर्यंत गाडीला काय झालंय हे ऐकायची त्यांची तयारी नसते. मग मान वर होते आणि प्रश्न येतो, "ह्ये कुणी केलंय?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या घरघरीला लागून असलेल्या एका बोळात मामांची पत्र्याची शेड आहे. भिंतीवर वायरींचे रंगीत झुबके, फळीवर पोटं उघडी पडलेले सेल्फ, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. बोर्डावर 'डायनामो, कटआउट, वायरिंग' असं लिहिलंय. कटआउट असलेली गाडी हल्ली बघायलाही मिळत नाही, पण बोर्ड बदलायचं नाव काढलं की मामा म्हणतात, "आली एकादी म्हंजे?"

गिऱ्हाईक आपलं म्हणत असतं, डावा इंडिकेटर लागत नाही. मामा मात्र गाडीची वंशावळ वाचत असतात. "जोड दातानं सोललाय बगा. ह्यो हायवेवरचा. ह्यो दुसरा, पिळा चांगला मारलाय, पर टेप जुनी वापरलीय. इचलकरंजीचा असणार." इचलकरंजी कशावरून, हे विचारायचं नसतं. एखाद्या जोडावरून नजर फिरली आणि मामा काहीच बोलले नाहीत, तर तो जोड त्यांचा स्वतःचा आहे असं समजावं.

त्यांचा खरा राग हौशी मालकांवर. पंचावन्न वॅटच्या जागी नव्वदचे बल्ब टाकून आलेला तरुण दिसला की ते हिशेब मांडतात. दोन दिव्यांना नऊ अँपियर लागायचे तिथं आता पंधरा लागतात, वायर आणि स्विच मात्र कंपनीनं दिलेलेच. "उजेड पाडायच्या नादात स्विच वितळवून घेतलास की रं!" त्याच्याही वरचा गुन्हा फ्यूजचा. लाल दहाचा फ्यूज सारखा उडतो म्हणून हिरवा तीसचा बसवलेला दिसला, की मामा तो चिमट्यात धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. सिगारेटची चांदी गुंडाळलेला फ्यूजही त्यांनी जपून ठेवलाय. मालकाला बोलायचं असलं की ड्रॉवरमधून तो बाहेर येतो.

पावसाळा लागला की कामाची लाट येते, कारण उंदीर. बाहेर पाऊस, बॉनेटखाली ऊब, आणि दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे काहीतरी कुरतडत राहणं उंदराला भाग असतं. लोक डांबरगोळ्या ठेवतात, फवारे मारतात, तंबाखूची पानं दोरीनं बांधतात. त्यातलं बरं पान हुंगून, निवडून मामा आपल्या चंचीत टाकतात. "उंदीर तंबाखू खात न्हाई, खरं हाय," ते म्हणतात, "त्यो वायर खातोय." अशा गाडीला सर्व्हिस सेंटरनं 'पूर्ण हार्नेस बदलावा लागेल' असं सांगितलेलं असतं आणि आकडा ऐकून मालकाचा चेहरा पडलेला असतो. ते वाक्य ऐकलं की मामांच्या अंगात येतं. वीतभर खाल्लेल्या वायरीसाठी अख्खी गाडी सोलायची? मग ते आणि त्यांच्या हाताखालचा बारक्या बसतात. तुटका भाग कापायचा, त्याच जाडीची, जमलं तर त्याच रंगाची वायर घ्यायची, जोड एकाशेजारी एक न आणता पुढं-मागं ठेवायचे, डाग द्यायचा, वर स्लीव्ह तापवून बसवायची. स्लीव्ह जोडाच्या आधी वायरीत ओवायची असते. बारक्या ते विसरतो. जोड झाल्यावर, डाग दिल्यावर, थंड झाल्यावर त्याला आठवतं. मामा एक शब्द न बोलता कटरनं जोड तोडतात आणि वायर पुन्हा त्याच्या हातात देतात.

पुतण्यानं आणून दिलेला डिजिटल मीटर ड्रॉवरमध्ये आहे, त्या चांदीच्या फ्यूजशेजारीच. मामांचा विश्वास आपल्या टेस्ट लॅम्पवर, म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी. "मीटर म्हणतोय बारा व्होल्ट हाईत. आरं हाईत, पर दम हाय का त्यात?" यात हट्ट आहे, पण ते चुकत नाहीत. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर खुशाल बारा दाखवतो. बल्ब लावला की तो मिणमिणतो आणि वायरीचं बिंग फुटतं.

मामांकडं गेलेला माणूस गिऱ्हाईक राहत नाही, त्याचा मदतनीस होतो. "सायेब, ब्रेक दाबा." साहेब दाबतात. "सोडा. दाबा. दाबून धरा." मग मामांचा चहा येतो. साहेब दाबूनच बसलेले. भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक याच अवस्थेत असताना त्यांनी विचारलं, की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर का लुकलुकतो? मामा बशीतून म्हणाले, "अर्थिंग गेलंय. करंटला घरला जायची वाट न्हाई, म्हणून त्यो शेजाऱ्याच्या घरातनं चाललाय." प्राध्यापकांनी पाय न काढता मान डोलावली.

नव्या गाड्यांशी त्यांचं जमतं, फक्त थोडं अंतर राखून. एकमेकींत पिळलेल्या दोन बारीक वायरींना ते वेणी म्हणतात. त्यातून गाडीतली यंत्रं आपसात बोलतात हे त्यांना पटलंय, आणि बोलणाऱ्यांच्या मधे पडायला त्यांना आवडत नाही. वेणी तुटलीच असेल तर जोडताना पिळा जसाच्या तसा ठेवतात. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र हात जोडतात. आधी बॅटरी काढतात, मग बारक्याला लांब पाठवतात, मग थोडा वेळ थांबतात, आणि शक्यतो ते काम घेतच नाहीत.

परवा आमच्या गाडीचा मागचा दिवा लागेना. दुपारपर्यंत लागला, पैसेही सांगून झाले, मी चावी घेतली. मामा मात्र डिकीत डोकं घालूनच.

"लागला की मामा."

"लागलाय ओ. ह्यो जोड बगा."

आतल्या बाजूला, टेपच्या खाली, एक जोड होता. इतका सफाईदार की बोट फिरवलं तर लागत नव्हता. मामांनी तो उजेडात धरला, चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला. सांगलीत फोन लावला, निपाणीत लावला. कुणी कबूल होईना. इचलकरंजीच्याचं नाव त्यांनी स्वतःच बाद केलं.

"गाडी आज ठेवा हितंच," ते म्हणाले.

"कशाला? दिवा लागतोय."

"दिव्याचं न्हाई ओ. ह्ये कुणी केलंय कळाय नको?"

मी भीत भीत म्हणालो, "मामा, कंपनीतूनच तसा आला असेल."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग बारक्याकडं बघितलं. बारक्या हसला.

"कंपनीला," मामा म्हणाले, "कुठलं येतंय ओ एवढं?"