खिंड, कुकर आणि तीन शिट्ट्या

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट नियमावलीशिवाय सुरू करता येत नाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी माझी वाण्याची यादीसुद्धा अजून ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घालूनच सुरू होते. त्यामुळे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नातवंडांबरोबर मावळ्यांची लढाई खेळायचं ठरलं, तेव्हा मी आधी दोनशे पानी वही काढली आणि चौदा कलमं लिहिली. पोटकलमं वेगळी.

झालं असं, की गॅलरीतला दिवाळीचा किल्ला बघून बघून संपला होता. विटा, पोतं, त्यावर लिंपलेली माती, उतारावर पेरलेले अळीव, सगळं यथास्थित होतं. अळीव तर इतके माजले होते की पहाऱ्यावरचे मावळे कमरेएवढ्या रानात उभे असल्यासारखे दिसत. पण किल्ल्याची सगळी मजा चिखलात हात घालेपर्यंतच. एकदा मावळे मांडले की ते नुसते उभे.

“आबा, हे लढत का नाहीत?” आठ वर्षांच्या थोरल्याने विचारलं.

“सुट्टी आहे त्यांना,” पाच वर्षांची धाकटी म्हणाली.

आता मुद्दा असा, की मातीचे किंवा शिशाचे सैनिक मांडून लढाई खेळणं हा पोरखेळ नाही, हे मला ठाऊक होतं. एच. जी. वेल्स, म्हणजे मंगळावरून पृथ्वीवर स्वारी घडवून आणणारे तेच, त्यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं अख्खं पुस्तक यावर लिहिलं. पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट. तोफ स्प्रिंगची, तिच्यातून लाकडाची छोटी गोळी खरोखरच सुटायची, आणि जो आडवा होईल तो मेला. ना फासे, ना वाद. पुस्तकाच्या लांबलचक नावातच त्यांनी पात्रता ठरवून टाकली आहे: वय वर्षं बारा ते दीडशे. पुढे मुलींनाही प्रवेश दिलाय, पण ज्या जरा जास्त हुशार असतील त्यांनाच. मी अडुसष्टाचा, म्हणजे पात्र. नातवंडं दोन्ही अपात्र. धाकटीला हे मी गमतीने सांगितलं. ती म्हणाली, “मग तू एकटाच खेळ.”

कलम दोन, वयोमर्यादा, तिथल्या तिथे रद्द झालं.

लढाई निवडली पावनखिंडीची. लहान मुलांबरोबर पानिपत खेळायला जाऊ नये. माणसं मोजता मोजताच जेवायची वेळ होते. पावनखिंड कशी सुटसुटीत आहे: एक चिंचोळी जागा, अडवणारे मोजके, आणि अमुक वेळेपर्यंत टिकायचं एवढंच काम. १३ जुलै १६६०, पाठीवर सिद्दी मसूदचं सैन्य, आणि शिवाजी महाराज गडावर पोचल्याच्या तोफा विशाळगडावरून ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंनी घोडखिंड, म्हणजे हीच पावनखिंड, सोडायची नाही. थोरल्याला हे सगळं पाठ होतं. धाकटीला ‘बाजी’ एवढं ठाऊक होतं आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

जेवणाच्या टेबलावर जुनी हिरवी चादर अंथरली. तिच्या एका बाजूखाली मोल्सवर्थचा कोश सरकवला, दुसऱ्या बाजूखाली दोन उशा. मोल्सवर्थचा आमच्या घरात एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला. सह्याद्री उभा राहिला, मधे वीतभर रुंदीची खिंड पडली. पलीकडच्या टोकाला चकलीचा डबा उपडा ठेवून विशाळगड केला आणि त्यावर सिंहासनासकट महाराज बसवले. राज्याभिषेक १६७४ चा, मग १६६० मध्ये सिंहासन कुठून आलं, असा आक्षेप मीच नोंदवला आणि मीच फेटाळला. महाराज खेळात नाहीत, ते बघणार, त्यांच्यावर कुणी चाल करायची नाही, हे कलम एक. चौदांपैकी एकमताने मंजूर झालेलं हे एकच.

आमचं सैन्य कुंभाराकडून आणलेलं, म्हणजे एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. मावळे अकरा, त्यातल्या तिघांच्या तारेच्या तलवारी गळालेल्या. घोडेस्वार दोन. एक वासुदेव. आणि एक गवळण, जी घोड्यासकट स्वारापेक्षा उंच. ढालवाला, एक कान उडालेला, तो बाजी. शत्रू मात्र घरात नव्हता. दिवाळीत पैसे मोजून शत्रू कोण आणतो? शेवटी बुद्धिबळातली काळी बाजू सिद्दीकडे दिली. ती चालवणार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दोघंही माझ्याकडे बघत होते.

पहिला वाद वितीवरून झाला. फूटपट्टी सापडेना म्हणून मी ‘पायदळ एक वीत, घोडा दोन विती’ असं लिहिलं होतं. माझी वीत नऊ इंचांची. धाकटीने आपला पंजा चादरीवर ताणून धरला, अंगठा पांढरा पडेपर्यंत, तरी पाचाच्या पुढे जाईना. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं.

“आबा, तुझे सैनिक माझ्या वितीने चालव. माझे तुझ्या.”

छत्तीस वर्षांत कर्ज मागायला आलेल्या एकाही माणसाने माझ्यापुढे इतका सरळ प्रस्ताव ठेवला नव्हता. मी नकार दिला. तोडगा म्हणून माझ्या लेंग्याची नाडी काढून तिला गाठी मारल्या. एक गाठ पायदळ, दोन गाठी घोडा. पुढची लढाई मी एका हाताने लेंगा धरून लढलो, ही गोष्ट सिद्दीच्या पराभवाची कारणं शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

तोफ म्हणून टिचकीने चिंचोके उडवून पाहिले. पहिल्याच चिंचोक्याने वासुदेवाची टोपी उडाली आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता झाली. वेल्सच्या शिशाच्या पलटणीला जे झेपतं ते मातीला झेपत नाही. मग लुडोचा फासा आला. पाच किंवा सहा पडला की समोरचा बाद. साधं. पण लुडोचा फासा आपल्याबरोबर लुडोचे संस्कारही घेऊन येतो. थोरल्याला सहा पडला, माझं प्यादं गेलं आणि तो परत फासा टाकू लागला. “सहा पडला की परत मिळतं!” हे कुठल्या कलमात आहे, असं मी विचारलं. “सगळीकडेच असतं ते,” तो म्हणाला. त्याला लागोपाठ तीन सहा पडले.

त्याहून मोठा पेच ‘मेला’ या शब्दाचा होता. धाकटीला तो चालेना. तिने बाद झालेलं प्यादं उचलून ताटलीत ठेवलं. “हा जेवायला गेला.” बरं, गेला. मग दुसरं गेलं. मग आमचा एक मावळा गेला, त्यालाही तिथेच, शत्रूच्या पंगतीला बसवलं. आणि मग तिने तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर माझ्या चौदा कलमांत नव्हतं: “जेवून झालं की परत येणार ना?”

प्रशियाच्या सैन्यात असा टेबलावरचा युद्धखेळ १८२४ पासून होता. फासे, कोष्टकं, नकाशे, आणि नियम इतके की खुद्द अधिकारीच कंटाळले. अखेर १८७६ मध्ये फोन व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ नावाच्या सेनाधिकाऱ्याने सुचवलं, की कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. प्रशियाला तिथवर यायला बावन्न वर्षं लागली. आम्हाला पंचवीस मिनिटं. “आजी!” दोघांनी एकदम हाक मारली.

आजी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून वरणभाताचा कुकर चढवत होती. तिने तिथूनच निकाल दिला. “भात झाल्याशिवाय कोण जेवणार? आणि त्या तोफा का काय, त्याही कुकरच्याच धरा. तीन शिट्ट्या झाल्या की महाराज गडावर पोचले. तोवर मला हाका मारू नका.”

यापेक्षा चांगला नियम मी तरी वाचलेला नाही. घड्याळ नको, डाव मोजणं नको. तीन शिट्ट्यांपर्यंत खिंड धरायची. ज्यांना पाच मिनिटं एका जागी बसवत नाही ती दोन्ही मुलं खुर्चीवर गुडघे टेकून, श्वास रोखून, स्वयंपाकघराकडे कान लावून बसली.

मी चाल केली. प्यादी संपली, उंट गेले, एक हत्ती गेला. समोर मावळे सहा उरले. मग चार. शिट्टी नाही. थोरल्याच्या नाकावर घाम. “आजी, गॅस मोठा कर!” मावळे दोन. शिट्टी नाही. नुसतंच कुठूनतरी फुस्स होत होतं. खिंडीत शेवटी एकटा बाजी उरला आणि समोर माझा वजीर. मी फासा टाकला. सहा.

कुणीच काही बोललं नाही. इतिहासात काय झालं ते थोरल्याला माहीत होतं. त्याने खालचा ओठ दातात धरला. मी, खरं सांगतो, त्या फाशाला बोटाने हळूच ढकलावं की काय अशा विचारात होतो, आणि छत्तीस वर्षांत मी एकही आकडा ढकललेला नाही. तेवढ्यात धाकटीने गवळण उचलली आणि बाजीच्या पुढे, बरोबर खिंडीच्या तोंडाशी आणून ठेवली.

“ही कोण?”

“ताकवाली. तुझा वजीर ताक प्यायला थांबला.”

“असं नसतं!” थोरला म्हणाला, पण अर्ध्या आवाजात.

गवळणीला मारण्याचं कलम माझ्याकडे नव्हतं. ओलांडून जावं तर खिंड तिच्यानेच बुजलेली. मी थांबलो. पुढची पाच-सात मिनिटं वजीर ताक पीत उभा होता, एक कान नसलेला बाजी तिच्या घागरीमागून डोकावत होता, आणि आम्ही तिघं शिट्टीची वाट बघत होतो.

शिट्टीऐवजी वास आला.

“अगं बाई! अहो, रिंग ढिली झालीये कुकरची, सगळी वाफ बाजूनेच गेली!” आजी आतून ओरडली. झाकण उघडल्यावर खाली करपलेल्या डाळीचा एक थर, आणि वर टणक भात.

टेबल मोकळं करायला धाकटीने साफ नकार दिला. तोफा झाल्या नाहीत म्हणजे बाजी हलणार नाही. तेव्हा आम्ही खाली पाट मांडले आणि चिवडा, चकल्या आणि दूध यांवर भागवलं. चकल्या काढताना विशाळगड जरा तिरका करावा लागला, पण महाराजांना आधी नीट उचलून फ्रिजवर ठेवलं होतं.

रात्री वही आवरताना पाहिलं, तर माझ्या सगळ्या कलमांवर एकच तिरकी रेघ मारलेली होती. खाली थोरल्याच्या अक्षरात, दोन ओळींत मिळून, नवं कलम होतं: ‘लढाई सुरू करण्याआधी कुकरची रींग तपासणे. (आबांनी.)’