अर्धा किलो आकाश

विट्याला विमानतळ नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. विट्याला रेल्वेही नाही, तरी आमची सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळी भारतभर पोचलीच. तक्रार आहे ती घरात विमान उडवण्याबद्दल.

संगणकावर सेसना १७२ घेऊन कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून निघालं, की वारणा, आष्टा, पलूस मागे टाकत वीसेक मिनिटांत विट्यावर येता येतं. एसटी तेवढ्या वेळात कोल्हापुरातून बाहेर पडली तरी नशीब. विट्यात उतरायला जागा नसल्यामुळे गावावर एक घिरटी घालायची आणि परत फिरायचं. प्रश्न एवढाच, की हे सगळं बघायचं कशातून? टेबलावरच्या मॉनिटरवर, की डोक्याला बांधायच्या हेडसेटमधून?

मॉनिटर सपाट आहे. जमीन किती खाली राहिली हे त्यात डोळ्यांना कळत नाही. चाकं टेकली की कळतं. धावपट्टीसाठी डावीकडे वळताना खऱ्या वैमानिकाला मान वळवून धावपट्टी दिसते. मला त्यासाठी दांड्यावरचं बटण दाबावं लागतं. मग सगळं दृश्य गर्रकन फिरतं आणि धावपट्टी सोडून पंख दिसतो. तीन मॉनिटर लावले तर म्हणे हा त्रास जातो. पण तेवढं टेबल आमच्या खोलीत मावायचं तर कपाट बाहेर काढावं लागेल, आणि कपाट आईचं आहे.

शिवाय मॉनिटर सार्वजनिक असतो. कुणीही मागे उभं राहतं. आमच्या विट्यात दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीत खांदा न देणाऱ्यांनाच जसं कुठून पळावं हे नीट ठाऊक असतं, तसं माझ्या पाठीमागच्या प्रत्येकाला विमान कसं उतरवावं हे माहीत असतं. ऐन उतरताना मुलगी विचारते, "पप्पा, फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे, किती वेळ लागंल?" कंट्रोल टॉवर असा प्रश्न विचारत नाही.

म्हणून हेडसेट घेतला. त्यात आकाश खरंच आकाशाएवढं असतं, हे कबूल. मान वळवली की धावपट्टी जागेवर असते, जमीन वर येताना पोटात गोळा येतो. पण त्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि ते सगळं नाकावर. एप्रिलमध्ये आतल्या भिंगांवर वाफ धरते आणि आपल्याला वाटतं ढगात शिरलो. उंचीच्या घड्याळाचे आकडे पुसट, म्हणून वाचायला पुढे वाकावं, तर डोकं काच भेदून विमानाबाहेर जातं. तिथून मात्र आकडे मुळीच दिसत नाहीत.

जमिनीवर बसून उडायची ही हौस नवी नाही. एडविन लिंक यांनी १९२९ साली अमेरिकेत ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारं, सरावाचं एक छोटं विमान बनवलं. वरून झाकण लावलं की शिकाऊ वैमानिकाला बाहेरचं काही दिसू नये, हीच त्यातली सोय. ढगात नुसत्या यंत्रांच्या भरवशावर उडता यावं, म्हणून. १९३४ साली टपाल नेताना खराब हवेत लष्करी वैमानिक मरू लागले, तेव्हा सैन्याने ती खोकी विकत घेतली. शंभर वर्षं होत आली. आम्ही झाकण तेवढं ठेवलं आणि यंत्रं पुसट केली.

हेडसेटमध्ये मळमळतंही, आणि त्याचं कारण शास्त्रीय आहे. डोळे सांगतात वळतोय, कानाच्या आतला तोल सांगतो खुर्चीवर बसलाय. त्यात दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं, तीही सेकंदाला नव्वदच्या आसपास हवीत. मॉनिटरचं तिसात भागतं. संगणकाला एवढं झेपलं नाही की पलूसपासून आलेपाक लागतो.

आणि घर कुठे जात नाही. आकाशात असलो तरी शेजारचे माग ऐकू येतात; त्यापुढे सेसनाचं इंजिन लाजतं. "चहा ठेवलाय डाव्या हाताला," असं बायको सांगते. डाव्या हाताला थ्रॉटल असतो. "ते डोक्याचं काढा आधी, गॅसवाला आलाय," हे वाक्य कायम धावपट्टी समोर आल्यावरच येतं. वीज गेली की मॉनिटर निदान सगळ्या घराबरोबर काळा होतो. हेडसेटची बॅटरी चालू राहते, त्यामुळे आकाश गेल्यावरही मी तिथेच राखाडी पोकळीत बसलेला असतो आणि घरातले मेणबत्ती शोधत मलाच धडकतात.

युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने २०२१ साली हेडसेटवर चालणाऱ्या एका हेलिकॉप्टर सिम्युलेटरला प्रशिक्षणासाठी मान्यता दिली. आमच्या घरात ती अजून मिळालेली नाही.

दिवाळीला मदुराईहून चुलतभाऊ आला. गलाईचा धंदा, त्यामुळे वस्तू आधी तळहातावर तोलायची सवय. हेडसेट तोलून त्याने विचारलं, "आत सोनं किती निघंल?" नगण्य, म्हटलं. मग त्याने किंमत विचारली आणि बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "एवढ्यात कोल्हापूर-मुंबई खिडकीजवळची जागा घेऊन कितीदा गेला असतास."

"तिथं मला विमान उतरवू देतील का?"

"इथं तरी कुठं उतरतंय तुझ्यानं?"

हेही तो मॉनिटरकडे बघतच म्हणाला.