अप-डाऊन कसं करावं : नवशिक्यांसाठी

इंग्रजीच्या पुस्तकात ‘अप’ म्हणजे वर आणि ‘डाऊन’ म्हणजे खाली असं दिलेलं असतं. ते पुस्तक वसई रोड स्टेशनाबाहेरच ठेवा. नकाशात विरार वर आणि चर्चगेट खाली. तरी विरारची गाडी डाऊन, चर्चगेटची अप. मुख्यालय ज्या टोकाला, ते टोक रेल्वेच्या लेखी उंच. १२ एप्रिल १८६७ला विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली, तेव्हापासून आपण असेच खालचे.

‘मी वसईहून अप-डाऊन करतो’ एवढं म्हटलं की मुलीकडच्यांनाही कळतं, नोकरी मुंबईत आहे आणि मुलगा घरी झोपण्यापुरताच सापडेल. क्रियापद रीती वर्तमानकाळात चालवावं. काहीजण भविष्यकाळ वापरतात, ‘अंधेरीला घर घेईन’ वगैरे. तो काळ बहुधा अपूर्णच राहतो.

आता अवघड रूप : डाऊन करून येणे. जायचं असतं चर्चगेटला, पण नालासोपाऱ्याचा माणूस आधी उलटा विरारला जातो आणि गाडीतून उतरतच नाही. तीच गाडी अप होऊन निघते. विरारकर धावत्या गाडीत उडी घेतो (हे मात्र शिकू नका), तर खिडकीत सोपारकर पेपर वाचत बसलेला. पुढे जे शब्द ऐकू येतात ते दुसऱ्या धड्यात. पास विरारपर्यंतचा हवा. तो नसेल तर या रूपाचा अर्थ टीसी समजावतो, पावतीसह.

प्रयोगांकडेही लक्ष द्या. ‘मी दादरला उतरतो’ हा कर्तरी प्रयोग गर्दीच्या वेळी चालत नाही. दादरला तुम्ही उतरवले जाता. संध्याकाळी बोरिवलीला उतरायचं म्हणून विरार फास्टमध्ये चढलात, तर तेही नाही. दाराशी वाट अडवून उभी असलेली मंडळी तुम्हाला वसई दाखवूनच सोडतात. आल्यासारखं किल्ला बघून घ्या.

पंचाईत खुद्द विरारकराची. त्याने डाऊन करून यायचं कुठून? पुढचं स्टेशन वैतरणा. एप्रिल २०१३पासून लोकल डहाणूपर्यंत जातात, पण मोजक्याच. सीटसाठी वैतरणेला जाऊन येतो म्हणणाऱ्याने निघतानाच ऑफिसात अर्ध्या रजेचा निरोप द्यावा.